भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि हातातली विद्या

ऑकलंडच्या एका उपनगरात आमच्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ राहतात. त्यांच्या दिवाणखान्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी दोन चौकटी टांगलेल्या आहेत. एकीत विद्यापीठाची पदवी आहे आणि दुसरीत लिनक्स सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून २०११ साली मिळवलेले प्रमाणपत्र. या दुसऱ्या कागदाच्या बळावरच आपण इथवर आलो, असे ते पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असत. पुढे त्यांच्या कंपनीने आपले सर्व्हर बाहेरच्या क्लाउड सेवेकडे सोपवले, जागा कमी केल्या, आणि पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थांवर नवी नोकरी शोधण्याची पाळी आली. मुलाखतीतला पहिलाच प्रश्न होता, ‘हे प्रमाणपत्र अजून चालू आहे का?’ ते केव्हाच संपले होते.

योगायोग असा, की त्याच सुमारास नाशिकहून त्यांचा पुतण्या इथे आला. त्यालाही याच धंद्यात शिरायचे आहे. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारले, “काका, मी आधी कोणती परीक्षा देऊ?” काका हसले आणि म्हणाले, “अरे, तुला काय सांगू? मलाच आता पहिलीपासून बसायचंय.”

हा प्रश्न या एका घरापुरता नाही. न्यूझीलंडमध्ये संगणकाच्या धंद्यात पोट भरणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि परीक्षांची फी व क्लासचा खर्च घरखर्चातूनच निघत असतो. म्हणून या परीक्षांमध्ये गेल्या काही वर्षांत काय बदलले, आणि इथे येणाऱ्याने व इथे असलेल्याने त्यातून काय बोध घ्यावा, हे आज जरा सविस्तर पाहू.

पडद्यामागचा कारभारी

आपण बँकेचा व्यवहार करतो, विमानाचे तिकीट काढतो, मुलांच्या शाळेला निरोप पाठवतो. या प्रत्येक कामाच्या मागे कुठेतरी सर्व्हर नावाचा संगणक अहोरात्र चालू असतो. असे सर्व्हर फार मोठ्या संख्येने लिनक्सवर चालतात. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. ती कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी. सर्व्हर चालू ठेवणे, कोणाला कुठवर आत येऊ द्यायचे ते ठरवणे, बॅकअप घेणे, दुरुस्त्या बसवणे आणि रात्री दोन वाजता काही बंद पडले तर उठून ते सुरू करणे, हे सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरचे काम. सारे सुरळीत असते तेव्हा त्याची आठवण कोणालाही होत नाही.

न्यूझीलंडचे आणि या खुल्या आज्ञावलीचे नाते जुने आहे. होरोफेनुआ येथील ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ‘कोहा’ नावाची ग्रंथालय-प्रणाली तयार झाली. तेथील जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा पेलू शकणार नव्हती, म्हणून ही नवी प्रणाली लिहवून घेतली आणि ती जगाला मोफत देऊन टाकली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आज भारतातील अनेक ग्रंथालयेही तीच प्रणाली वापरतात. लिनक्सवाल्यांची मोठी वार्षिक परिषद ऑस्ट्रेलियाबाहेर पडून २००६ मध्ये डनेडिनला, २०१० मध्ये वेलिंग्टनला, २०१५ मध्ये ऑकलंडला आणि २०१९ मध्ये क्राइस्टचर्चला भरली होती. सांगायचे तात्पर्य, या विद्येला इथे बाजार आहे. प्रश्न आहे तो ती विद्या आपल्याला येते हे सिद्ध कसे करायचे याचा.

पाठांतराकडून प्रात्यक्षिकाकडे

१९९९ च्या सुमारास या क्षेत्रात दोन प्रकारच्या परीक्षा उभ्या राहिल्या. कॅनडात स्थापन झालेल्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटने, म्हणजे एलपीआयने, कोणत्याही एका कंपनीला बांधील नसलेली परीक्षा काढली. तिच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एलपीआयसी-१ ला, दोन पेपर असतात. प्रत्येक पेपरात ६० प्रश्न आणि ९० मिनिटे. योग्य पर्याय निवडायचा किंवा रिकाम्या जागी नेमकी कमांड लिहायची. दुसरी परीक्षा रेड हॅट या कंपनीची. तिची ओळख सुरुवातीपासून निराळी, कारण तेथे यंत्रासमोर बसून काम करून दाखवावे लागते.

पहिल्या प्रकाराचा एक दोष आपल्याला शाळेपासून माहीत आहे. दहावीला अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मार्क मिळवणारी मुले असतात, तसेच फुटलेल्या प्रश्नांचे संच पाठ करून ही प्रमाणपत्रे मिळवणारेही निघाले. मालकांच्या लक्षात आले, की कागद आहे पण हात चालत नाही. याचा अर्थ एलपीआयची परीक्षा वाया गेली असा मुळीच नाही. पाया नीट घालायला तिचा अभ्यासक्रम आजही उत्तम आहे. परंतु वजन प्रात्यक्षिकाकडे झुकले. लिनक्स फाउंडेशनने २०१४ मध्ये आपली एलएफसीएस ही परीक्षा सुरू केली, तीही प्रात्यक्षिकाचीच, आणि शिवाय घरबसल्या देण्याची.

रेड हॅटच्या पहिल्या पायरीच्या, म्हणजे आरएचसीएसएच्या परीक्षेत ३०० पैकी २१० गुण लागतात. डिस्कची जागा वाढवा, नवे वापरकर्ते तयार करा, अमुक सेवा सुरू करा, अशी कामे दिली जातात. त्यातली मेख अशी, की यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तुम्ही केलेले काम टिकले पाहिजे. तेवढ्यापुरते चालवून दाखवलेले काम धरले जात नाही. अनेक जण नेमके इथेच अडखळतात. प्रत्यक्ष नोकरीतही हाच फरक महत्त्वाचा असतो. शुक्रवारी संध्याकाळी चालवलेली सेवा सोमवारी वीज जाऊन आल्यावर उभी राहिली नाही, तर त्या कामाला काम म्हणत नाहीत.

तहहयात कागद गेला

दुसरा बदल मुदतीचा. कॉम्पटिया या संस्थेचे ‘लिनक्स प्लस’ प्रमाणपत्र २०१० ते २०१९ या काळात एलपीआयच्या साह्याने दिले जात असे आणि ते तहहयात होते. २०१९ मध्ये दोघांचे सहकार्य संपले, नवी परीक्षा आली आणि तिची मुदत तीन वर्षांची झाली. रेड हॅटचे प्रमाणपत्रही तीन वर्षे चालू समजले जाते. पुढे ते चालू ठेवायचे तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. एलपीआयची मुदत पाच वर्षांची आहे. लिनक्स फाउंडेशनने तर एप्रिल २०२४ पासून आपली तीन वर्षांची मुदत दोनवर आणली.

हा नुसता फी उकळण्याचा प्रकार आहे, असे आमच्या गृहस्थांचे पहिले मत होते. त्यात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही, कारण प्रत्येक नूतनीकरणाचे पैसे कोणीतरी घेतेच. पण दुसरी बाजूही पाहावी. न्यूझीलंडमध्ये घरातली वायरिंग करणाऱ्या इलेक्ट्रिशियनलाही ठराविक काळाने आपला परवाना नवा करावा लागतो, आणि त्याबद्दल आपण कधी कुरकुर करत नाही. उलट तसे नसते तर आपल्यालाच काळजी वाटली असती. ज्या सर्व्हरवर रुग्णांची किंवा खातेदारांची माहिती आहे, तो सांभाळणाऱ्याचे ज्ञान दहा वर्षांपूर्वीचे असणे कितपत चालेल?

एकाऐवजी शंभर

तिसरा बदल सर्वांत खोल आहे, आणि आमच्या गृहस्थांना खरा फटका त्याचाच बसला. पूर्वी रेड हॅटची वरची परीक्षा, म्हणजे आरएचसीई, उत्तीर्ण व्हायची तर वेब सर्व्हर, फाइल सर्व्हर, फायरवॉल अशा सेवा हाताने मांडून दाखवाव्या लागत. रेड हॅटने २०१५ मध्ये ॲन्सिबल ही कंपनी विकत घेतली, आणि २०१९ पासून आरएचसीईचा सारा रोख ॲन्सिबलच्या स्वयंचलित कारभारावर आला. नाव तेच राहिले, परीक्षा मात्र दुसरीच झाली.

यात फरक काय, ते साध्या शब्दांत सांगतो. समजा वीस सर्व्हर आहेत. जुना कारभारी प्रत्येकावर जाऊन तीच कमांड वीस वेळा देत असे. नवा कारभारी ‘प्रत्येक यंत्र अमुक स्थितीत असावे’ असे एकदाच लिहून ठेवतो, आणि ते टिपण वीसच काय, दोनशे यंत्रांवर चालवतो. जे यंत्र आधीच योग्य स्थितीत आहे त्याला हात लागत नाही, जे नाही तेवढेच बदलते. तेच टिपण उद्या पुन्हा चालवले तरी काही बिघडत नाही. काम वाचते, आणि काय केले याची नोंदही आपोआप राहते. अर्थात टिपणात चूक असेल तर तीही एका दमात दोनशे ठिकाणी पोचते! म्हणूनच ते आधी चाचणीच्या यंत्रावर चालवून पाहायची शिस्त लागते.

त्यात भर पडली क्लाउडची. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४ मध्ये आणि ॲमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या भूमीवर आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. आपली माहिती देशाबाहेर जाईल म्हणून थांबलेल्या संस्थांची एक अडचण त्यामुळे दूर झाली. म्हणजे ऑफिसच्या मागच्या खोलीत घरघरणारे सर्व्हर यापुढे कमीच होत जाणार. लिनक्स संपलेले नाही, ते त्या क्लाउडच्या पोटातही आहेच. फक्त ते आता हाताने स्पर्श करण्याजोगे राहिलेले नाही.

सरावाचे मैदान हलले

शिकणाऱ्यांना आणखी एक धक्का बसला तो सेंटओएसचा. रेड हॅटसारखीच हुबेहूब पण मोफत अशी ही प्रणाली गरीब विद्यार्थ्याची पाटी-पेन्सिल होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, की सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपणार. जुनी सेंटओएस ७ देखील ३० जून २०२४ रोजी निवृत्त झाली. कित्येक क्लासच्या नोट्स आणि कित्येक ऑफिसांचे सर्व्हर एका फटक्यात जुने झाले.

तरीही वाट बंद झाली नाही. २०२१ मध्येच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स या दोन मोफत प्रणाली त्या जागी उभ्या राहिल्या. खुद्द रेड हॅटनेही २०२१ मध्ये व्यक्तींना नोंदणी करून १६ यंत्रांपर्यंत मोफत वापराची मुभा दिली. तेव्हा सरावासाठी पैसे नाहीत ही सबब आता चालणार नाही. पण क्लासवाला अजून सेंटओएस ७ वरच शिकवत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

इथे कागदाचे मोल किती?

आता येऊ न्यूझीलंडच्या व्यवहाराकडे. आपल्याकडे एक समज पक्का आहे, की आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र म्हणजे पदवीच्या तोडीचा कागद. इथे तसे नाही. न्यूझीलंड क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटी परदेशी पदव्या-पदविकांचे मूल्यमापन करते. कंपन्यांची प्रमाणपत्रे त्या मापात बसत नाहीत. कुशल स्थलांतरितांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सहा गुणांची पद्धत आली, तिच्यातही पदवी, पगार, इथला अनुभव, विशिष्ट व्यवसायांची नोंदणी यांना गुण ठेवले गेले, आरएचसीई किंवा एलपीआयसीला नाही. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी सरकारी माहिती प्रत्येकाने स्वतः वाचावी. एजंटाच्या तोंडच्या गोष्टींवर विसंबू नये. ‘हा कोर्स करा, व्हिसा मिळेल’ असे कोणी सांगत असेल तर सावध राहावे.

देशी शिक्षणाची घडीही या काळात बरीच विस्कटली. सोळा पॉलिटेक्निक एकत्र करून २०२० मध्ये ‘ते पूकेंगा’ ही एकच संस्था केली होती. ती मोडण्याचे ठरले, आणि १ जानेवारी २०२६ पासून दहा पॉलिटेक्निक पुन्हा आपापल्या नावाने उभी राहिली. म्हणून प्रवेश घेताना कोणत्या संस्थेच्या नावाने पदविका मिळणार, ते आधी विचारून घ्यावे. सगळ्यांनाच दोन वर्षांची पदविका परवडत नाही. त्यांच्यासाठी २०१८ पासून ‘मायक्रो-क्रेडेन्शियल’ म्हणजे लहान, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची सोय झाली आहे. इथे एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास, आणि असा अभ्यासक्रम जास्तीत जास्त ४० क्रेडिटचा असतो.

आणि कागद देणारी संस्था तरी कायमची असते काय? न्यूझीलंड कॉम्प्युटर सोसायटी १९६० मध्ये स्थापन झाली, २०१२ मध्ये तिने आयटी प्रोफेशनल्सची संस्था असे नाव घेतले. संगणक-व्यावसायिकांना चार्टर्ड दर्जा देणारी या देशातील ही जुनी संस्था २०२५ मध्ये पैशाअभावी बंद पडली. साठ वर्षांचे घर गेले, पण त्या सभासदांच्या अंगची विद्या काही त्याबरोबर गेली नाही.

मग प्रमाणपत्र घ्यावे की नाही? अवश्य घ्यावे. नव्याने आलेल्या माणसाची इथे कोणाशी ओळख नसते, त्याच्या जुन्या साहेबांचे नाव इथे कोणी ऐकलेले नसते. शेकडो अर्जांच्या गठ्ठ्यातून आपला अर्ज वर यावा एवढे काम ते प्रमाणपत्र निश्चित करते. दाराच्या आत गेल्यावर मात्र ‘शेवटचे काय बिघडले होते आणि तुम्ही ते कसे शोधले?’ हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर कागदावर नसते.

मायबोलीतून पाया

पुतण्याची इंग्रजीची भीती हाही एक अडसर होता. त्यावर घरचाच उपाय आहे. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात लिनक्सचे छोटे छोटे दृक्-श्राव्य पाठ आहेत, आणि त्यांतले बरेच मराठीतही ऐकता येतात. पाठ ऐकायचा, थांबवायचा, तीच कृती आपल्या यंत्रावर करून पाहायची आणि मग पुढे जायचे. परीक्षा इंग्रजीत द्यावी लागते हे खरे, पण फाइलचे हक्क म्हणजे काय हे एकदा मराठीत समजले की इंग्रजीतला प्रश्न अवघड राहत नाही.

काका-पुतण्याचा बेत

आमच्या गृहस्थांनी अखेर जो बेत आखला तो आम्हांला पटला, म्हणून इथे देतो. घरातल्या एका जुन्या संगणकावर त्यांनी तीन आभासी यंत्रे मांडली, म्हणजे एकाच संगणकाच्या पोटात तीन निराळे संगणक. शनिवारी काका मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवतात. कधी मुख्य पासवर्ड बदलतात, कधी डिस्क काठोकाठ भरतात, कधी यंत्र सुरूच होऊ नये अशी एखादी ओळ चुकवतात. पुतण्याने रविवारी ते दुरुस्त करायचे आणि वहीत लिहायचे, की काय दिसले, काय शंका आली, काय केले. उलट पुतण्या ॲन्सिबलमध्ये भराभर पुढे गेला आहे, तो काकांना शिकवतो. वीस वर्षे रात्रीबेरात्री उठून कमावलेली काकांची नजर एकीकडे आणि पुतण्याचे नवे हत्यार दुसरीकडे, अशी ही देवाणघेवाण चालते.

पुतण्या आधी आरएचसीएसए देणार आहे. काकाही तीच देणार, कारण आरएचसीई पुन्हा मिळवायची तर पहिली पायरी लागतेच. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, टेबलावर कागदाचा कपटा नको, असा कडक नियम आहे. काकूंनी आजींना आताच बजावून ठेवले आहे, “त्या दिवशी तीन तास चहा घेऊन आत जायचं नाही हं, नाहीतर पोराची परीक्षाच रद्द होईल!” आजी म्हणाल्या, “तीन तास चहा नाही? ही कसली गं परीक्षा?”

भिंतीवरची जुनी चौकट काकांनी काढलेली नाही. ते म्हणतात, ती राहू दे, तिने आपल्याला इथवर आणले. पण पाहुण्यांना दाखवायला आता त्यांच्याकडे दुसरी वस्तू आहे. पुतण्याची ती वही. तिच्यात आजवर एकतीस बिघाड लिहिलेले आहेत, आणि त्यांपैकी चार अजून सुटलेले नाहीत.